मंगळवारची गैरहजेरी

कुणाच्याही दारात ती आधी चप्पल काढायची, मग हाक मारायची. बैठकीत खुर्ची दिली तरी सतरंजीवरच बसायची. प्रश्न विचारला की मनात सातापर्यंत मोजायची, कारण बुजरं माणूस सहाला तोंड उघडतं असा तिचा अनुभव होता. लिहिताना पेनाचं टोपण दातात. पर्समध्ये कंगवा नसायचा, खडू असायचा.

वस्तीतल्या बायका तिला ताई म्हणत. संस्थेच्या कागदावर ती समुदाय विकास कार्यकर्ती होती. पंधरा वर्षं. बैठक कशी चालवायची आणि अर्ज कसा लिहायचा, हे बायकांना तिनेच शिकवलं. तारीख घाला, शिव्या नकोत, एका अर्जात एकच मागणी.

यंदा संस्थेने नियम काढला. प्रमाणपत्र नसेल त्या कार्यकर्तीचं काम पुढच्या महिनाअखेर बंद. त्यासाठी कौशल्यांचा कोर्स, सहा मंगळवार. नेमका वस्तीतल्या बैठकीचा वार.

"पंधरा वर्षं लोकांचं ऐकतेस," थोरली बहीण म्हणाली, "आणि आता ऐकायचं कसं ते शिकायला चाललीस? डबा ने बाई. मधल्या सुट्टीत रडू नकोस."

ताई हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. वस्तीत तिने एवढंच सांगितलं, "ऑफिसचं काम आहे." या वयात आपण पुन्हा बाकावर बसलोय, हे बायकांना कळायला नको होतं.

पाचव्या मंगळवारी वर्ग लवकर सुटला. ती धावतपळत बैठकीच्या खोलीत पोचली. अध्यक्ष होती शिंपीणबाई, ताईनेच तयार केलेली. पहिल्या वर्षी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"बरं झालं आलात," शिंपीणबाई म्हणाली आणि कागद पुढे केला. "एवढं तपासून द्या. संस्थेच्या साहेबांकडे न्यायचाय."

ताईने वाचलं. कार्यकर्ती चार मंगळवार गैरहजर. धड कारण सांगत नाही. नळाचं काम अडलं आहे. दुसरी कार्यकर्ती द्यावी. शिवी एकही नव्हती. मागणी एकच होती.

"अगं, मी त्या दिवशी—"

"ताई, ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याने मध्ये बोलायचं नाही. अध्यक्षाने विचारल्यावरच. तुमचाच नियम."

"घ्या! मास्तरीणबाईंनाच छडी!" मागून कुणीतरी म्हणालं. खोली खदाखदा हसली.

ताईने वाट पाहिली. अध्यक्षाने विचारलं नाही. तिने पेन काढलं आणि तारीख राहिली होती ती घातली.

गुरुवारी साहेबांनी तिला बोलावलं. अर्ज त्यांच्या हातात होता. ते खूश होते.

"काय मुद्देसूद लिहिलंय! बायका कुठल्या कुठे गेल्या बघा. वार्षिक अहवालात छापू."

"साहेब, त्या चारही मंगळवारी मला तुम्हीच कोर्सला पाठवलं होतं."

"माहीत आहे ना." साहेबांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "पण वस्ती पहिल्यांदा तोंड उघडतेय. ते आपण बंद करायचं का? तुम्हीच सांगा."

ताईने कप उचलला.

"तुमच्या जागी शिंपीणबाईंना घेतोय. प्रमाणपत्राचं नंतर बघू. चार दिवस त्यांना बरोबर घेऊन फिरा. तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

ती शिंपीणबाईला घेऊन फिरली. घरोघरी नेलं, दारात कसं उभं राहायचं ते दाखवलं. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईने सहज विचारलं, "पण ताई, मंगळवारी जायचात तरी कुठे?"

"शिकायला."

"काय?"

"लोकांचं ऐकायला."

शिंपीणबाईला हसू आवरेना. "काहीतरीच तुमचं! सांगायचं नसेल तर नका सांगू."

सहाव्या मंगळवारी ताई वर्गाला गेली नाही. कोर्सची वही बहिणीने टेबलावर उघडी पाहिली. शेवटचा स्वाध्याय होता : तुमच्या वस्तीने स्वतःहून घेतलेल्या एका निर्णयाचं दहा ओळींत वर्णन करा.

ताईने दोन ओळी लिहिल्या होत्या. बायका मंगळवारी जमल्या. प्रत्येकीला बोलू दिलं. तिसऱ्या ओळीत 'कार्यकर्तीने' एवढाच शब्द होता, आणि खाली पान कोरं.