लय मोजणारी तीन फुकटची सॉफ्टवेअर

माझे यजमान वारले तेव्हा घरात त्यांच्या हरिकथेची एकच धड कॅसेट उरली होती. पापनाशमच्या एका भजनमठात कुणीतरी भरून घेतलेली. बाकीच्यांवर बुरशी चढली होती.

शेवटी शेवटी हरिकथेला माणसंच येत नव्हती. संध्याकाळ झाली की सगळे टीव्हीपुढे. यजमानांसमोर बसायच्या त्या चार म्हाताऱ्या, त्याही भिंतीला टेकून झोपलेल्या. आमचा मुलगा त्यांच्यामागे मृदंग वाजवायचा. आमच्या घरात हाच धंदा चालत आला. तो धंदा यजमानांबरोबरच गेला.

मग मुलाने मित्राचा जुना कंप्यूटर आणून ठेवला. चेन्नईत जाहिरातींचं संगीत करणाऱ्या एका स्टुडिओवाल्याने त्याला सांगितलं होतं, जुन्या गाण्याचा तुकडा घे, खाली नवा ठेका घाल, आवडलं तर कामाला ठेवू. जमलं तर पोरगा वाजवणारा राहणार. नाही जमलं तर तिरुप्पूरच्या बनियन कंपनीत जायचं. माझ्या भावाने तिथे शब्द टाकून ठेवला होता. शिलाई मशिनींवर देखरेख.

मुलाने यजमानांच्या त्या कॅसेटमधला द्रौपदीच्या हाकेचा तुकडा घेतला. तो ठेक्यावर बसवायचा तर त्याची लय आकड्यात सांगावी लागते, मिनिटाला किती ठोके. ते मोजायचं सॉफ्टवेअर असतं. विकतचं परवडणारं नव्हतं. ब्राउझिंग सेंटरात बसून त्याने तीन फुकटची आणली.

पहिलं सॉफ्टवेअर स्वतःच ऐकून आकडा सांगायचं. त्याने सांगितला एकशे चौसष्ट.

मी म्हटलं, "अय्यो! तुझे अप्पा कथा सांगत होते की बस पकडायला पळत होते?"

"दुप्पट सांगतं ते. मधल्या चिपळ्या पण ठोके धरतं."

"मग अर्धं कर."

"करून बघितलं आई. पुढच्या ओळीला तेही चुकतं."

चुकणारच. यजमानांच्या हातात चिपळ्या असायच्या आणि तोंडात कथा. द्रौपदी हाक मारते तिथे हात थांबायचा. कृष्ण निघाला की हात धावायचा. मृदंगवाल्याने तोंडाकडे बघून वाजवायचं. मुलगा तसंच वाजवायचा. कंप्यूटरला तोंड कुठलं दिसणार?

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ऐकत ऐकत प्रत्येक ठोक्याला कीबोर्डवरचं लांब बटण दाबायचं. मुलाला वाटलं, आपला हात मृदंगाचा, तो मध्येच सजवायला लागतो. म्हणून मला बसवलं. "ताल धर. जसा धरतेस तसाच, बटणावर."

मी धरला. आकडा असा उड्या मारायला लागला की तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग हसत सुटला. आमच्याकडे ताल धरायचा म्हणजे एक टाळी, मग तीन बोटं मोजायची, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा. मी टाळीला तेवढं बटण दाबत होते. बोटं मांडीवर मोजत होते, उलटा हात हवेत.

"अस्की बोटं पण, सगळी, बटणावर दाब गे आई!"

"उलटा हात कसा दाबू? बटण खालून आहे?"

या घरात तो मोठ्याने हसलेला मी शेवटचा तेव्हा ऐकला.

मग सगळं दाबलं. आकडा तरी ठरेना. यजमान ठरत नव्हते, मी काय करणार?

राहिलं तिसरं. ते आकडा विचारत नव्हतं. गाणं कापून, ताणून, सगळे ठोके सारख्या अंतरावर बसवायचं. मुलगा दोन दिवस नको म्हणत होता. चेन्नईला जायची वेळ आली तेव्हा त्याने तेच वापरलं. दुसरं काही हातात नव्हतं.

त्याने मला ऐकवलं. खाली ठेका चोख. वर यजमान. द्रौपदीची हाक ताणून गाय हंबरते तशी झालेली, आणि थांबायच्या जागी थांबणं नाही.

"लय बसली ना, आई?"

"बसली. पण हे तुझे अप्पा नव्हेत."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि सीडी पिशवीत घातली.

तो चेन्नईहून दुसऱ्या दिवशी परत आला. हातपाय धुतले, रसम-भात जेवला, मग सांगितलं. स्टुडिओवाल्याने अर्धा तुकडा ऐकला. म्हणाला, आवाज विचित्र येतो. मग कपाट उघडून दाखवलं. परदेशातून आलेल्या सीड्या, वाजवलेले तुकडे तयार, प्रत्येकाची लय वेष्टनावर छापलेली. "हे असताना घरातली कॅसेट कशाला उकरतोस, तंबी?" धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं. वाईट बोलला नाही. चहा पाजला.

"मग त्या सीड्या घेऊन कर की," मी म्हटलं.

"ते कुणीही करतं आई. त्याला मी कशाला हवा?"

मी त्याचं ताट उचललं.

तिरुप्पूरला जाताना त्याने मृदंग नेला नाही. मी म्हटलं, ने, खोलीवर वाजव. म्हणाला, एका खोलीत सहाजण झोपतात. सणाला येतो. येतो तेव्हा मशिनींच्या आवाजाने कान दुखतात म्हणून टीव्हीसुद्धा लावू देत नाही. मी पण लावत नाही. तो जेवतो, झोपतो, आणि पहाटेच्या बसने जातो.