टिपणीसांची तिसरी गोळी

पहिली गोळी काळ्या ठिपक्यात बसली. दुसरी तीन बोटं वर गेली. तिसरी कुठे गेली ते दुर्बिणीतून शोधायला उल्हासराव टिपणीसांना अंमळ वेळच लागला. ती थेट कागदाच्या वरच्या कडेला लागली होती. ते शंभर यार्ड चालत कागदापाशी गेले, तिन्ही भोकांशेजारी पेन्सिलने एक, दोन, तीन असे आकडे घातले, कोपऱ्यात तारीख टाकली आणि कागद फायलीत ठेवला. फायलीत आता असे बारा कागद झाले होते.

अमेरिकेतल्या अल्फारेटात त्यांना चाळीस वर्षं होत आली होती. त्यातली अठ्ठावीस पंपांच्या एका कारखान्यात गेली, मालाची तपासणी करण्यात. तिथेच लेथवर वेंडेल होता. त्याची जमीन दीड तासावर, तांबड्या मातीची, पाइनच्या झाडांची. उल्हासरावांच्या पंचावन्नाव्या वर्षी त्याने त्यांना हरणाच्या शिकारीला नेलं आणि एक नियम घालून दिला: शंभर यार्डांवर तीन गोळ्या कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसत नसतील, तर जिवंत प्राण्यावर बंदूक रोखायची नाही. उल्हासरावांनी कपाऐवजी घरातली आमटीची वाटी धरली. सहा वाट्यांच्या सेटमधली ती एक वाटी तेव्हापासून शिकारीच्या पिशवीत होती. गोळ्या झाडून झाल्या की ते ती कागदावर उपडी ठेवून बघायचे. सोळा वर्षांत वाटीने कधी दगा दिला नव्हता.

यंदा मात्र दसरा झाल्यापासून एकही कागद वाटीखाली मावेना. हंगाम शनिवारी उघडणार होता.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? काडतुसं बदलली. बंदुकीवरची दुर्बीण काढून दुसरी लावली. नळी आतून घासूनपुसून लख्ख केली. लाकडी दस्त्याचे स्क्रू आवळले, तर गोळ्या आणखीच पांगल्या. कारखान्यात नव्या पोरांना ते सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते जन्मात कळणार नाही. आणि आता स्वतःच एका सकाळी तीन-तीन गोष्टी बदलत होते.

खरं म्हणजे दोष कुठे आहे हे आपल्याला कळलंय, असं त्यांना वाटत होतं. ते कळू नये म्हणूनच ही सगळी खटपट होती.

त्यांच्या वडिलांना एकाहत्तराव्या वर्षी कंपवात सुरू झाला. ठाण्याच्या पोस्टातल्या बाईंनी सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत केला, तेव्हा घरात पहिल्यांदा कळलं. पुढची नऊ वर्षं त्यांचा घास दुसऱ्याच्या हाताने तोंडात गेला. उल्हासरावांना जुलैत एकाहत्तरावं लागलं होतं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, पहिला कागद बिघडला त्याच संध्याकाळी, त्यांना आपल्या हातातल्या कपात चहावर बारीक लाट उठलेली दिसली.

"मी मारून बघू का दोन?" वेंडेलने मागच्या आठवड्यात विचारलं होतं.

"नको, नको. तुझा खांदा दुखतो," उल्हासराव घाईने म्हणाले होते.

खांदा दुखत होता हे खरं. पण वेंडेलच्या गोळ्या नीट बसल्या असत्या, तर मग बोलायला काहीच उरलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ते पुन्हा निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या.

"आज परत? कालच तर जाऊन आलात."

"जुनी दुर्बीण परत बसवलीय. एकदा चेक करतो."

"आपल्या चारुताचं लग्न ठरवताना एवढी स्थळं नव्हती पाहिली आपण. तिला एकदा विचारा तरी, बाई, तुझ्या मनात आहे काय."

"कोणाला?"

"बंदुकीला." त्यांनी पोळी उलटली. "चहा घ्या जाताना. निवतोय."

उल्हासरावांनी कप डाव्या हाताने उचलला, उभ्याउभ्याच संपवला आणि बाहेर पडले.

वेंडेलच्या शेतावर त्यांनी बाकावर वाळूच्या पिशव्या मांडल्या. रायफल ठेवली आणि तिच्यामागे बसून राहिले. सूर्य पाइनच्या शेंड्यांवर आला तरी त्यांनी काडतूस भरलं नाही. वेंडेल थर्मास घेऊन आला, शेजारी बसला.

"वेंडेल," उल्हासराव शेवटी म्हणाले, "तू मार."

वेंडेलने का म्हणून विचारलं नाही. टोपी मागे सरकवली, खांदा दोनदा फिरवला आणि तीन गोळ्या झाडल्या. उल्हासराव कागदाकडे चालत गेले. ते अंतर त्यांना कधी एवढं लांब वाटलं नव्हतं.

पहिली ठिपक्यात. दुसरी तीन बोटं वर. तिसरी कागदाच्या कडेला.

ते तिथेच उभे राहिले. पिशवीत हात घालून त्यांनी उगाचच वाटी काढली, कागदावर ठेवली, परत पिशवीत टाकली.

परत आले तेव्हा वेंडेल त्यांची फाईल उघडून बसला होता. बारा कागद त्याने बाकावर ओळीने मांडले होते आणि त्यांवर खडे ठेवले होते.

"उल, हे आकडे कोणी घातलेत?"

"मीच."

"मग वाचले कोणी?" त्याने एकेका कागदावर बोट ठेवलं. "पहिली गोळी बाराही वेळा जागेवर. दुसरी वर. तिसरी आणखी वर. नळी तापते तशी गोळी चढते. माणसाचा हात असा नंबर लावून थरथरत नाही."

उल्हासरावांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हाताबद्दल ते कोणाशीच काही बोलले नव्हते. वेंडेल मात्र पाकिटातून एक डॉलरची नोट काढण्यात गुंतला होता. त्याने ती नळी आणि लाकडी दस्ता यांच्या फटीत सरकवली. नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. नोट वरपर्यंत सरळ जायला हवी होती. ती अर्ध्यात अडली.

दोघांनी मिळून स्क्रू काढले आणि नळी दस्त्यातून उचलली. दस्त्याच्या खोबणीत, तेलाने फुगून लाकडात रुतून बसलेला, तांदळाचा एक लाल दाणा होता.

वेंडेलने तो चाकूच्या टोकावर घेतला. "हे काय आहे?"

उल्हासराव दाण्याकडे बघतच राहिले. खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. वडील म्हणायचे, हत्यार उघडून, आतून पुसून पूजेला ठेवावं. तसं उल्हासरावांनी नळी एका पाटावर, दस्ता दुसऱ्या पाटावर मांडला होता. शेजारी पाने, पक्कड, सुनेत्राबाईंची विळी. बाईंनी हळदकुंकू लावलं, वर कुंकवाच्या अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी उल्हासरावांनी सगळं पुसून जोडलं. म्हणजे सगळं पुसलं असं त्यांना वाटलं. पुढे स्क्रू आवळून आवळून तो दाणा त्यांनी स्वतःच नळीला टेकवला होता.

त्यांनी हे जमेल तसं समजावलं. वेंडेलने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या बायकोनं बंदुकीला जेवू घातलं."

"तसंच म्हण."

"आणि तू ताट पुसलं नाहीस."

खोबण पुसून त्यांनी रायफल पुन्हा जोडली. नोट या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद गेली. मग दुर्बीण जुळवायला दोन गोळ्या झाडून उल्हासराव नव्या कागदावर नेमाला बसले. तीन गोळ्या झाडल्या, आणि या वेळी कागदापाशी वेंडेल गेला. त्याने तिथूनच वाटी कागदावर उपडी धरून दाखवली. वाटीबाहेर एकही भोक दिसत नव्हतं, तिन्ही वाटीने झाकली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी तो दाणा कागदाच्या पुडीतून काढून टेबलावर ठेवला आणि सगळी हकिगत सांगितली. सुनेत्राबाईंनी चष्मा लावून दाणा पाहिला.

"म्हणजे खापर माझ्यावर का?"

"तुझ्यावर कसलं? जोडली मी."

"पुढच्या वर्षी तिच्या पेटीवरच टाकीन अक्षता." त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय तुमची. मंगळवारची. कसं सांगावं ते कळत नव्हतं."

उल्हासरावांनी दाणा परत पुडीत ठेवला.

"तीन आठवडे डाव्या हाताने चहा पिताय, अहो. मला दिसत नाही का?"

"पण दोष दाण्याचा निघाला ना. मग कर की कॅन्सल."

"बंदुकीतला दोष दाण्याचा निघाला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप पुढे ठेवला.

उल्हासराव कपाकडे बघत बसले. बारा कागद त्यांनी लिहून ठेवले होते, आणि वाचायला दुसरा माणूस लागला होता. त्यांनी उजवा हात पुढे केला, कप उचलला आणि तोंडाशी नेला. वाटेत चहावर एक बारीकशी लाट आली, गेली. दोघांनीही ती पाहिली.

"मंगळवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"साडेदहा. मी ड्राइव्ह करीन. आणि माझी वाटी?"

"हंगाम संपला की देतो," उल्हासराव म्हणाले.