रमाचा डावा पाय आणि आमचा क्लेम

"फूट ड्रॉप आहे," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी रमा त्यांच्या टेबलावर बसून त्यांचा रबरी हातोडा चाटत होती. गुडघ्यावर टकटक करून पाहतात ना, तोच.

फूट ड्रॉप म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. पाय उचलला की पाऊल खाली लोंबतं आणि बोटं जमिनीला घासतात. रमा दीड वर्षाची. घरभर पळणारी पोरगी चार दिवसांपासून डावं पाऊल फरफटत होती.

"लस कुठं दिली होती?" डॉक्टरांनी विचारलं. मी तिच्या डाव्या कुल्ल्यावर बोट ठेवलं.

डॉक्टरांनी तिथं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "इथून पायाकडे एक जाड शीर जाते, सायटिक नर्व्ह. तिला सुई लागलेली दिसते. याला ट्रॉमॅटिक न्यूरायटिस म्हणतात, म्हणजे मार लागून शीर दुखावणं. एवढ्या बाळाला कुल्ल्यात देत नाहीत, मांडीत देतात."

"पोरगी चालन ना, सर?"

"शीर तुटलेली नसावी. तपासू. बहुतेक मुलं चालतात. पण वेळ लागतो, आणि मेहनत तुम्हाला करायची आहे." मी लगेच रडायला लागले. रमानं हातोडा खाली टाकला आणि तीही रडायला लागली.

हे मी लिहून ठेवते आहे ते अशा आईबापांसाठी, ज्यांच्या घरात लस दिल्यावर काहीतरी बिघडलं आणि इलाज आणि भांडण दोन्ही एकदम सुरू झालं. आमच्याकडं दोन्ही जोरात झालं. मुळात मी तापट. आमचे हे, म्हणजे रमाचे बाबा, पाण्याच्या मोटारी बांधतात. जळालेली तार काढून नवीन भरतात. दिवसभर तारा मोजून मोजून माणूस थंड झाला आहे. त्यामुळं घरातलं सगळं भांडण मला एकटीला करावं लागतं.

आता आमचा शहाणपणा ऐका. आमच्या पिंपळगाव राजात अंगणवाडीत सिस्टर येतात, लस फुकट देतात, आणि मांडीतच देतात. पण आधीच्या डोसांना रमाला ताप यायचा. कोणीतरी सांगितलं, शहरात खाजगी दवाखान्यात बिनतापाची लस मिळते. झालं! मी पोरीला नवा फ्रॉक घातला, एसटीत बसले आणि पैसे मोजून सुई टोचून आणली. डॉक्टर आत पेशंट पाहत होते, सुई बाहेर कंपाउंडरनं दिली. ताप खरंच आला नाही. मी गल्लीभर सांगत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी रमा उठली, उभी राहिली आणि पडली.

लसीचा त्यात काही दोष नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. त्या वेळी मला विचारलं असतं तर मी सगळ्या लसींना शिव्या दिल्या असत्या. दिल्याच.

अकोल्याहून परत आलो तर दारात सरकारी गाडी; डॉक्टरांनीच कळवलं होतं. नियम असा आहे की लहान मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना हे तपासायलाच लागतं. त्यासाठी मुलाची शी दोन वेळा, एक दिवसाच्या अंतरानं, बर्फाच्या डब्यात घालून पाठवतात. दोन साहेब निळा डबा घेऊन ओट्यावर बसले. आणि रमाबाईंनी त्याच दिवशी संप पुकारला.

चहा झाला, पोहे झाले. गल्लीतली एकेक बाई डोकावून विचारायची, "झाली का वं?" शेजारच्या कांताबाईंनी केळी आणली, कोणी कोमट पाणी पाजा म्हणालं. दुपारी तीन वाजता काम झालं तेव्हा गल्लीत असा गलका झाला, जसा काही पोरीचा नंबर आला. साहेबांनी डबा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "उद्या परत येतो." माझ्या त्या आठवड्यातलं पहिलं हसू तिथलं. पुढं रिपोर्ट आला, पोलिओ नव्हता.

मग एनसीव्ही. म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन शीर किती चालते ते पाहतात. रमा किंचाळत होती, मी तिला धरून होते, आणि आमचे हे मशीनच्या पडद्यात घुसले होते. शेवटी न राहवून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सर, तार तुटली नाई ना? वरचं कव्हर खराब झालं, असंच ना?"

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. तुम्ही काय करता?"

"मोटारी बांधतो."

"मग तुम्हाला माहीत आहे. घाई करून चालत नाही." त्या दिवसापासून यांनी कधीच धीर सोडला नाही, आणि मी कधीच धरला नाही.

इलाज म्हणाल तर औषध थोडं, काम जास्त. फिजिओथेरपी, म्हणजे पायाचे व्यायाम, दिवसातून चार वेळा. खामगावच्या फिजिओ मॅडमनी टाच धरून पाऊल वर दाबायला शिकवलं. एक प्लास्टिकचा साचा दिला, त्यांच्या भाषेत एएफओ. आमच्या घरात त्याला बूट म्हणायचे. पाऊल लोंबू नये म्हणून तो दिवसभर घालायचा. शीर बरी होईपर्यंत टाच आखडली तर पुढं शीर चालू होऊनही पाऊल नीट पडत नाही, हे मॅडमनी मला तीनदा सांगितलं. रमाला बूट आवडला. ती त्यानं कोंबड्या हाणायची.

इकडं क्लेमचं सुरू झालं. त्या खाजगी डॉक्टरांनी हात झटकले. वकिलाची नोटीस दिली तर उत्तर आलं, सुई मांडीतच दिली होती. कागदावर जागा लिहिलेलीच नव्हती. म्हणून सांगते, लस दिली की कार्डावर काय दिलं आणि कुठं दिलं हे तिथंच लिहून घ्या, लाजू नका. आमचं प्रकरण बुलढाण्याला ग्राहक आयोगात गेलं. आयोगानं सांगितलं, मुलीला डॉक्टरांच्या बोर्डापुढं न्या, अपंगत्व किती आहे त्याचा कागद आणा.

तोवर वर्ष होत आलेलं. रमाचं पाऊल थोडं थोडं उचलायला लागलं होतं. मी आनंदानं नणंदेला फोन केला, तर नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी, स्वतः घरी आले. भाऊजींचा एकदा ट्रकच्या धडकेचा क्लेम मिळालेला, तेव्हापासून ते सगळ्यांचे वकील.

"वैनी," ते म्हणाले, "बोर्डापुढं पोरगी तुरुतुरु चालत गेली त कोन देईन तुमाले क्लेम? दहा दिवस बूट काढून ठेवा, व्यायाम बंद. दहा दिवसानं काय होते?"

"मले नाई पटत," हे म्हणाले.

"तुमी मोटारी बांधा," मी म्हणाले. मला पैशापेक्षा तो डॉक्टर खोटा पडलेला पाहायचा होता. राग माणसाला किती मूर्ख करतो ते बघा. दहा दिवस बूट कपाटावर होता. रमा रोज वर बोट दाखवून "बूत, बूत" करायची आणि मी तिला बिस्कीट द्यायचे.

बोर्डाचा कागद आमच्या बाजूनं झकास आला. टाच आखडलेली, पाऊल वर येत नाही, सगळं लिहिलेलं. आमचे वकील खूष.

बोर्डानंतर चौथ्या दिवशी फिजिओ मॅडमनी रमाचा पाय हातात घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. "टाच वर चढली. काय केलं?"

"बूट तुटला होता, मॅडम."

त्यांनी बूट उलटसुलट करून पाहिला. कुठं चीर नाही, काही नाही. मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, शिरेचं काम शीर करत होती. तुमच्याकडं एकच काम होतं."

घरी येऊन मी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, खरंच. पुढचे दीड महिने मी आणि हे पाळी लावून तो पाय दाबत होतो. टाच परत खाली आली. पण तो बोर्डाचा कागद फायलीत तसाच राहिला, आणि तो आमचा सगळ्यात मोठा पुरावा होता.

त्याच दिवसांत अंगणवाडीच्या सिस्टर दारात आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, मग हळूच म्हणाल्या, "वंदनाताई, तुमच्या गल्लीतलं एकही लेकरू लसीले येत नाई. समद्या म्हणतात, रमाचा पाय लसीनं गेला." हे पेरलं मीच होतं.

आयोगानं समझोत्यासाठी बोलावलं. छोटी खोली. मध्यस्थ म्हणून एक वयस्कर वकीलबाई, आमचे वकील, समोर ते डॉक्टर आणि त्यांचे वकील. रमा तिच्या बाबांच्या मांडीवर.

डॉक्टरांच्या वकिलांनी कागद पुढं केला. रक्कम चांगली होती, माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली. फक्त खाली लिहायचं होतं, मुलीला लसीची प्रतिक्रिया आली, यात कोणाचीच चूक नाही. "तुम्हालाही पैसे मिळतात, सरांचंही नाव राहतं," ते म्हणाले. आमचे वकील मला पायानं खुणावत होते, घ्या म्हणून.

मला सिस्टर आठवल्या. मी सही केली असती तर गल्लीतल्या बायांना दाखवायला पक्का कागदच मिळाला असता.

मध्यस्थबाईंनी विचारलं, "काय म्हणता?"

"मले पैसे पायजेत, मी नाई म्हनत नाई," मी म्हणाले. "पण आधी माझं आयका. त्या बोर्डाच्या कागदात जे लिहेल आहे, त्यातलं थोडं माझं आहे. मी दहा दिवस पोरीचा बूट काढून ठेवला होता. पाय जास्त वाईट दिसावा म्हनून. आता तेवढा नाई तो."

आमच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. सगळं गेलं असं मला वाटलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. त्यांच्या वकिलांनी त्यांचा हात धरला तो त्यांनी बाजूला केला. "सुई मी दिली नव्हती," ते म्हणाले. "कंपाउंडरनं दिली, आणि कुल्ल्यातच दिली. नोटीस आली त्या दिवशी त्यानं मला सांगितलं. मांडीत द्यायची हे मी त्याला शिकवायला पाहिजे होतं. मी घाबरलो."

रमानं टेबलावरच्या फायलीची सुतळी उचलून तोंडात घातली, ती यांनी काढून घेतली.

मग नवा कागद झाला. लसीत दोष नव्हता, सुईची जागा चुकली, हे डॉक्टरांनी स्वतः सांगून लिहवलं. बोर्डाकडून पाय परत तपासायचा, झालेला खर्च आणि पुढचा इलाज त्यांनी द्यायचा, आणि दवाखान्यात लस आता ते स्वतः देणार. रक्कम आधीपेक्षा बरीच कमी झाली. किती ते लिहीत नाही, भाऊजी हे वाचतील.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत लसीचा दिवस होता. रमाची गोवर-रुबेलाची सुई राहिलेली; भीतीनं मीच नेली नव्हती. मी गल्लीतल्या बायांना घेऊन गेले, कागद पदराखाली धरून. रस्त्यात प्रत्येकीला वाचून दाखवला. तरी दारात सगळ्या मागं सरकल्या. कांताबाईंच्या सुनेनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "पयले तू जाय."

मी रमाला मांडीवर घेऊन बसले. बूट काढला. भीती मलाही होतीच, खोटं कशाला सांगू. सिस्टर म्हणाल्या, "हे सुई दंडात असते, ताई. पाय पकडा तिचे."

मी पकडायला विसरले. सुई टोचली, रमा किंचाळली, आणि तिनं सिस्टरच्या पोटात अशी सणसणीत लाथ मारली की लसीचा डबा हलला. डाव्या पायानं. पाऊल वर, टाच पुढं.

"माय वं!" सिस्टर पोट धरून हसत म्हणाल्या. "कोन म्हनते हिचा पाय गेला?"

मी रडत होते की हसत होते मला माहीत नाही. कांताबाईंच्या सुनेनं पोराचं झबलं वर केलं आणि पुढं आली. "मांडीत द्या बरं का सिस्टर," ती म्हणाली, "आणि कार्डावर लिहा."