एका परातीतली पावडर

सुभेदार आप्पासाहेब खोत कधीच आधी चहा घेत नसत. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सगळ्या माजी सैनिकांच्या हातात कप आलाय ना, हे एकदा बघून घ्यायचे आणि मगच स्वतःचा उचलायचे. तोवर तो पार निवलेला असायचा.

ही मंडळी कुरुंदवाडजवळच्या एका गावची, एकाच पलटणीतली. सगळ्यांना फुप्फुसाचा जुना आजार. जिना चढला की धाप. कोल्हापूरच्या आमच्या दवाखान्यात अशा रुग्णांवर एका पूरक पावडरीची चाचणी चालू होती आणि तिचं काम माझ्याकडे होतं. निम्म्या डब्यांत खरी पावडर, निम्म्यांत तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली ते मलाही ठाऊक नाही. ज्यानं त्यानं आपल्याच डब्यातली घ्यायची, असं मी समजावून सांगितलं. सुभेदारांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

"निम्म्यांनी जेवायचं आन निम्म्यांनी वास घ्यायचा, व्हय?" एवढंच म्हणाले.

सुभेदार आले होते ते हवालदार महादूंसाठी. महादूंना चार शब्द सलग बोलता येत नसत. माझं राहू द्या, ह्याला उभा करा, असं सुभेदार मला दर खेपेला बजावायचे.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्या गावी गेले, तर सुभेदारांच्या घरी पुढच्या सोप्यात मोठी परात. सगळ्यांचे डबे तिच्यात ओतून, नीट कालवून सुभेदार चमच्यानं सारखे वाटे घालत होते. माझं डोकंच फिरलं.

"पलटणीत एका भांड्यातलं खाल्लंय, ताई. हितं येगळं कसं खायाचं?"

उलट मी शाबासकी देईन असंच त्यांना वाटत असावं. त्या क्षणी तो माणूस मला इतका आवडला, की धड रागावताही येईना.

पण नियम तो नियम. ते सगळे चाचणीतून वगळले गेले, पावडर बंद झाली. थंडीत महादू गेले. मी भेटायला गेले तेव्हा सुभेदार भिंतीकडे तोंड करून बसले होते. खरं औषध महादूच्याच डब्यात असेल आणि आपण ते वाटून टाकलं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. स्वतःच्या गोळ्यांकडेही ते बघेनासे झाले.

मग चाचणीचा निकाल लागला. पावडरीचा कुणालाच उपयोग झाला नव्हता. खरी आणि साधी, दोन्ही सारख्याच. वाईट वाटायचं सोडून मला सुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्याच्या उरावरचा धोंडा उतरेल म्हणून त्याच दिवशी एसटी धरली.

सुभेदार उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नसे. महादूंच्या डब्यात काहीही असतं तरी ते वाचले नसते, तुमची काही चूक नाही, असं मी सांगितलं.

"म्हंजे औषद न्हवतंच?"

नव्हतं, मी म्हणाले.

"माझी चूक हुती तवर कुटंतरी औषद तरी हुतं, ताई."

बाहेर सोप्यात पलटणीतले बाकीचे निकाल ऐकायला येऊन बसले होते. त्यांची धाप आत ऐकू येत होती. सुभेदारांनी मला दार लोटून घ्यायला खुणावलं.