पाहुण्याचा उपास

दादाला गोलघुमट पाहायचा होता, आणि तोही पायी जाऊन. आगगाडीनं जाणाऱ्याला मुलूख कळत नाही, असं त्याचं म्हणणं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि बोलण्यात दहा वर्षांनी. त्याची मॅट्रिकची परीक्षा संपली तशी त्यानं दोन वळकट्या बांधल्या, एक माझ्या पाठीवर लादली आणि आईला सांगितलं, पाऊस लागायच्या आत येतो. सत्तावीस-अठ्ठावीस सालची ही गोष्ट. कुंभार्लीचा घाट चढून आम्ही कोकणातून देशावर आलो, कऱ्हाडवरून पूर्वेला चालत राहिलो आणि वाट वाकडी करून सोलापूर धरलं, कारण दादाला गिरण्यांचे भोंगे ऐकायचे होते. असली कारणं त्यालाच सुचत.

वाटेत आम्हाला कुणी उपाशी झोपू दिलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. गावात शिरलं की कुणीतरी विचारी, "कुठलं म्हनायचं?" समुद्राकडचे म्हटलं की बायका गोळा होत. एका म्हातारीनं दादाला विचारलं होतं, "समुद्र म्हंजी आमच्या तळ्याएवढा असंल की?" दादानं गंभीर तोंडानं सांगितलं, "थोडा मोठा." मग भाकरी येई, शेंगदाण्याची चटणी येई, ओसरीवर घोंगडी अंथरली जाई. दादा कुणाच्याही घरचं जेवे आणि कुठलंही पाणी पिई. मी शेंडीवाला, जानव्याचा, आईच्या धाकातला. पहिले काही दिवस मी झाडाखाली तीन दगड मांडून माझा भात शिजवला. दादा म्हणे, "तुझी शेंडी त्या चुलीत घाल, लवकर शिजेल." पुढं मीही मुकाट्यानं भाकरीला हात घातला. भूक लागली की सोवळं किती टिकतं, ते तेव्हा कळलं.

सोलापुरात शिरलो ते सकाळी, नव्या पेठेतून. दादा आदल्या संध्याकाळपासून गप्प होता. रात्री त्याला उलट्या झाल्या होत्या आणि तो म्हणत होता, उन्हाचं आहे, उतरेल. एका घोंगड्यांच्या दुकानाशी तो थांबला, पायरीवर बसला आणि तिथंच आडवा झाला. त्याचे डोळे एका रात्रीत खोल गेले होते. कपडे खराब झाले होते. रस्त्यावरची माणसं बाजूला सरली आणि कुणीतरी तो शब्द उच्चारला. पटकी.

दुकानातून एक म्हातारा बाहेर आला. पांढरा रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यानं दादाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मुलाला हाक मारून कानडीत काहीतरी सांगितलं. बापलेकांनी दादाला उचललं आणि दुकानामागच्या आपल्या घरात नेलं. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो. पटकीचा माणूस, कोण कुठला, आणि आत अंगावर पिणारं मूल. शेजारचा दुकानदार ओरडत होता, "अप्पा, येड लागलं का तुमाला?" म्हातारा म्हणाला, "माझ्या पायरीवर पडलाय. मग कुनाचा म्हनू?" मीही त्यांना अप्पाच म्हणू लागलो.

दुपारी म्युनिसिपालिटीची माणसं आली. त्यांनी दादाला नेलं, घरात चुना आणि फिनेल टाकलं. गावाबाहेर अक्कलकोटच्या वाटेला पटकीच्या रोग्यांसाठी पत्र्याचं शेड होतं. भोवती दोरी बांधलेली, दोरीच्या आत नातेवाइकांनी जायचं नाही. मी दोरीशी उभा राहून "दादा, दादा" असं ओरडलो. आतून कण्हण्याचे इतके आवाज येत होते की त्यातला दादाचा कोणता, हे मला ओळखता येईना. सख्ख्या भावाचा आवाज ओळखता येत नाही, याची मला भयंकर शरम वाटली. तिथला नोकर बादली घेऊन बाहेर आला. मी त्याच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "हाय अजून. उद्या या."

मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर मी नव्हे, आत जाता येत नाही, कोकणात निरोप पोचायला किती दिवस लागतील कोण जाणे. मग माणूस जे करतो ते मी केलं. त्या दोरीशी उभा राहून मी आमच्या ग्रामदेवीला सांगितलं, दादा उठून बसेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही. बोलून दाखवलं की नवस फुकट जातो, अशी आमच्या आईची समजूत होती आणि माझीही.

अप्पांच्या घरी परतलो तेव्हा सूनबाईंनी ताट वाढलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. मी मान हलवून नको म्हटलं. अक्कांनी अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी माझ्या जानव्याकडं पाहिलं आणि ताट आत गेलं. थोड्या वेळानं मागच्या अंगणात तीन दगड मांडलेले दिसले, वर कोरं मडकं, शेजारी सुपात तांदूळ, डाळ, मीठ, तूप. अप्पा लांब उभे राहून म्हणाले, "आमी कुनी शिवलो न्हाय. पानी बी तुमीच काढून घ्या आडाचं." मी त्यांच्या हातचं खात नाही, असा त्यांनी अर्थ लावला होता. मला सांगायला हवं होतं की तसं नाही, वाटेत मी दहा घरी जेवलोय. पण मग का जेवत नाही, हेही सांगावं लागलं असतं. मी फक्त पाणी प्यालो आणि भिंतीला टेकून बसलो. तांदळाला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी दोरीशी, "हाय अजून." दुपारी दोरीशी, "हाय अजून." गिरणीचा भोंगा वाजे. दादाला तो ऐकायचा होता, आता ऐकू येत असेल का? परत यावं तर सुपात नवे तांदूळ. घरात काहीतरी बिनसलं होतं हे मला दिसत होतं, पण माझं लक्ष कुठं होतं? चूल थंड होती. अप्पांचा मुलगा दुकानात गादीवर बसल्या बसल्या डोळे मिटून घेई. अक्कांची मोठी मुलगी दिवसभर शेजारी असे. आणि ते तान्हं मूल सारखं रडे. रडून रडून त्याचा आवाज बसला तरी ते रडे. मला त्याचा संताप येई. माझा भाऊ मरतोय आणि याला रडायला काय झालंय, असं मी मनात म्हणे. एकदा तर मी कानांवर हात ठेवले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरीशी नोकर म्हणाला, "उलटी थांबली, पर अंगात काय राहिलं न्हाय." हे चांगलं की वाईट, ते त्यालाही सांगता येईना. मी ठरवलं, चांगलं. उपास लागू पडतोय, असं वाटून मी जवळजवळ धावत परत आलो.

अंगणात एक बाई उभी होती. मागच्या बोळात तेलुगू विणकरांची वस्ती होती, त्यांतली ती. कडेवर अक्कांचं मूल, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ते गप्प होतं. मला पाहताच ती कडाडली. मराठी मोडकी, पण शब्द एकही चुकला नाही. "तू का खात न्हाय रे? तू खात न्हाय तर म्हातारा खात न्हाय. म्हातारा खात न्हाय तर ल्योक खात न्हाय. ते दोघं खात न्हाय तर ही कशी खाईल? हिचं दूध आटलं. कालपासून मी पाजते याला, आन माझं एक घरात हायच की! तुला देव भेटंल का असं करून?"

मी त्या सुपाशी जाऊन बसलो. पाहुणा उपाशी असताना यजमानानं जेवायचं नाही, हे आमच्याकडंही म्हणतात. म्हणतात आणि पाहुणा झोपला की जेवतात. ही माणसं खरंच जेवली नव्हती. मी आलो त्या दिवसापासून.

अप्पा बाहेर आले. मी रडत रडत त्यांना सगळं सांगून टाकलं. नवस, देवी, दादा, सगळं. तुमच्या हातचं नको म्हणून नव्हे हो, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ते माझ्यासमोर उकिडवे बसून ऐकत राहिले. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर हसतील, आणि मग सगळे जेवतील. ते म्हणाले, "व्हय. मग मोडू नका. नवस हाय. आमी ऱ्हातो असंच."

मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की काय सांगू. हा काय हट्ट! मी ओरडलो, "अप्पा, मूल मरेल तुमचं!"

"शेजारी पितंय की," ते म्हणाले.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. ओठांना भेगा पडलेल्या, एक हात चौकटीला. तोवर त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ बी कुनाचं तरी लेकरूच हाय की. खाऊ नका तुमी."

अक्कांनी मला "खा" म्हटलं असतं तर मी कदाचित आणखी एक दिवस हट्ट धरला असता. त्या खाऊ नका म्हणाल्या, आणि माझ्यानं राहवलं नाही. दिवे लागले होते. मी उठून आत गेलो, त्यांच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसलो आणि म्हटलं, "अक्का, मला वाढा."

चूल पेटवायला वेळ गेला असता. त्यांच्याकडं उतरंडीत वाळवून ठेवलेल्या कडक भाकऱ्या होत्या. अक्कांनी दोन काढल्या, ताकात चुरून दिल्या, वर चटणी. पहिला घास तोंडात घालताना मी मनात दादाचा हात सोडला. तसंच वाटलं मला, आणि आजही दुसरं काही म्हणता येत नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण तो घास गोड लागला. मी भराभरा खाल्लं. मग माझ्या मागं तिघांच्या भाकऱ्या मोडल्याचा आवाज आला. बराच वेळ घरात तेवढाच आवाज होता.

सकाळी मी दोरीशी गेलो. अप्पा काठी टेकत मागून येत होते, त्यांना माझ्या चालीनं चालता येईना. नोकरानं मला पाहिलं आणि बादली खाली ठेवली. "गेला," तो म्हणाला. "पहाटे पानी मागितलं दोनदा. दिलं मी. कोंबडा आरवताना गेला."

म्हणजे मी जेवलो तेव्हा तो होता. मी चटणीचं बोट चाटलं तेव्हा तो होता. मी वाटेच्या कडेला धुळीत बसलो. पटकी कशानं होते, नवसानं माणसं वाचतात की नाही, हे सगळं मी पुढं शिकलो, शिकवलंही. तिथं बसलेल्या पोराला त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं.

अप्पा पोचले. मला बसलेला पाहून त्यांना कळलं. मला काही न विचारता ते दोरीशी गेले आणि नोकराशी बोलत उभे राहिले. पुष्कळ वेळ बोलले. नोकरानं हातानं आभाळाकडं दाखवलं, उजाडायच्या दिशेला. अप्पांनी मान डोलावली. मग ते सावकाश माझ्याकडं आले, काठी आडवी टाकली आणि शेजारी धुळीतच बसले. तोवर मला ते अहोजाहो करत. आता त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला तम्मा म्हटलं. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात.

"तम्मा," ते म्हणाले, "मी नीट इचारून आलो. तुजा भाऊ काल दिवं लागायच्या आदीच गेला. तू जेवायला बसलास तवा तो नव्हताच."

ज्या माणसानं रीत मोडायची नाही म्हणून सून उपाशी ठेवली, तो माझ्या तोंडाकडं बघत खोटं बोलत होता. त्याला ते नीट बोलताही येत नव्हतं.

मी म्हटलं, "होय अप्पा."