बिब्याचा धूर

मांडवीत मोळ्या विकणारा तो म्हातारा हुंगल्याशिवाय लाकूड देत नसे. "भाताला कायपन चालतं, वयनी. सागोती धूर पिते, नि ती आपण खातो," म्हणायचा. सागोती म्हणजे मांस; ते धुरावर वाळवायचं म्हटलं की जांभूळ नाहीतर आंबाच देई. मला त्याचा हा तोरा खुपायचा.

त्या दिवशी सर्दीने त्याचं नाक चोंदलं होतं. ह्यांनी ठासणीच्या बंदुकीने मारलेल्या डुकराची सागोती चुलीवर टांगली होती. सकाळी मोळी टाकून गेलेला म्हातारा दुपारी धावत आला. तळहातावर फोड उठलेले.

"भायेर व्हा, वयनी! मोळीत बिबा हाय!"

बिब्याच्या धुराने अंग उततं, हे मलाही ठाऊक होतं. त्याने जळतं लाकूड तसंच हाताने ओढून अंगणात फेकलं.

"आता ही सागोती खायची की टाकायची?" मी कडाडले.

त्याने एक तुकडा तोडून तोंडात टाकला नि पायरीवर बसला. "उद्या सांगतंय."

सकाळी तो तिथंच होता. ओठ भाकरीसारखे फुगलेले, डोळे मिटत आलेले. बोलता येईना. त्याने नुसतं उकिरड्याकडे बोट दाखवलं.