पश्चिमेच्या खिडकीचे खिळे

झावळ्यांचा रविवार: प्रार्थनामंदिराची पश्चिमेकडील खिडकी खिळे ठोकून बंद. जबाबदार, मंडळीच्या कमिटीचे चिटणीस. आठ दिवसांनी, ईस्टर म्हणजे पुनरुत्थानाच्या सणानंतरचा सोमवार: माझी थोरली बहीण करुणाबाई हिचे निधन. त्यासाठी मी कोणालाही जबाबदार धरत नाही. तिचे हृदय थकले होते. मंगळवार: दफनविधी, आणि त्यात तिच्या आयुष्यभराच्या कामाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. जबाबदार, पुन्हा चिटणीस, आणि त्यांच्या धाकाने गप्प राहिलेले पाळक.

तहसील कचेरीबाहेर बसून मी उभी हयात लोकांचे अर्ज लिहिले. कोणावर कोणता आरोप टिकतो, हे मला कळते.

तरुणपणी अक्का बायबलचे रीतसर शिक्षण घेऊन तामसीकडच्या आमच्या गावी परतली. रविवारी मुलांचा वर्ग आणि बुधवारी संध्याकाळी बायांचा, एवढेच तिच्या वाट्याला आले. उपदेशपीठावर तिने कधी हक्क सांगितला नाही. पण बुधवारी रानातून परतणारे पुरुष पश्चिमेच्या खिडकीखाली ओट्यावर टेकू लागले. कोणी विळ्याला धार लावी, कोणी न पेटवलेली विडी हातात धरून बसे... ऐकतो आहोत, असे कोणीही कबूल करत नसे. कानांनी अधू झालेले दानियलकाका मात्र एकदा ओरडले, "करुणाबाई, जरा जोरानं! आमी काई ऐकून नाई राह्यलो, पन ऐकूच येऊन नाई राह्यलं!" आत बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अक्काने आवाज चढवला आणि प्रभूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला पुन्हा पहिल्यापासून सांगितला, मुरमाड रानापासून काळ्या रानापर्यंत.

मग चिटणीस दारात उभे राहिले. "बाई, पुरुषायले शिकवाचा तुमाले हक नाई. पवित्र शास्त्रात लिवेल हाये."

"मी बायायलेच शिकवून राह्यली, बाबू. भितीच्या पल्याड कोन बसते, ते भितीले इचार."

हे उत्तर त्यांना झोंबले. पुढच्या बैठकीत प्रेषिताच्या पत्रातले ते एकच वाक्य वाचले गेले. पुनरुत्थानाची बातमी पुरुष शिष्यांना कळवायला प्रभूने प्रथम एका स्त्रीलाच धाडले, हा भाग वाचला गेला नाही. चिटणिसांनी स्वतः हातोडी उचलली. ऐन उन्हाळ्यात त्या कोंदट खोलीत अक्काने आपला शेवटचा बुधवारचा वर्ग घेतला. मी चिडून म्हणालो, "अक्का, काऊन सहन करून राह्यलीस? मी उचकटतो ते खिळे."

"हात नको लावू," ती म्हणाली. "ज्यानं ठोकले, त्यालेच काढू दे."

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, "करुणाबाईंच्या हाताला नाताळच्या स्वयंपाकात फार चव होती." बस्... दानियलकाकांनी विचारले, "आन् बुधवारचं?" चिटणिसांनी ओठांवर बोट ठेवले.

मी क्षमा केलेली नाही. माझ्या पत्रांना कमिटीचे उत्तर नाही, म्हणून आता सर्वांसमक्ष विचारतो. चिटणीस महाशय, ज्या वाक्याच्या आधारे आपण माझ्या बहिणीचे तोंड बंद केले, ते वाक्य आपल्याला पाठ कोणी करून दिले? रविवारच्या वर्गात, चटईवर पहिल्या रांगेत बसवून, तिनेच. मुलगा म्हणून तिच्याकडून घेतलेले सत्य मिसरूड फुटताच निषिद्ध कसे ठरले? तिला शिकवण्याचा अधिकार नव्हता, तर आपले शास्त्रज्ञान रद्दबातल आहे. अधिकार होता, तर आपला ठराव रद्दबातल आहे. तिसरा मार्ग मला दिसत नाही.

ओट्यावर आजही बुधवारी माणसे बसतात. खिडकीतून काही ऐकू येत नाही, तरी बसतात. येत्या रविवारी उपासनेनंतर, सगळी मंडळी हजर असताना, त्याच उपदेशपीठावरून उत्तर द्या. आणि येताना हातोडी घेऊन या.